मुक्ताचे जादा गुण

सिरसाळ्याच्या आमच्या घराला लागून पिठाची गिरणी होती आणि तिच्या घरघरीवर आमचा दिवस चालायचा. ती सुरू झाली की आई म्हणायची, "लाईट आली." बंद पडली की शेजारपाजारच्या सगळ्या बाया एकदम मोठ्यानं बोलत असल्याचं लक्षात यायचं, कारण गिरणीच्या वर आवाज चढवून बोलायची त्यांना सवय झालेली असे. पहाटे मात्र घर शांत असायचं. अप्पा अंघोळ करून, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसत. त्या वेळी घरात भांडंसुद्धा वाजू द्यायचं नाही असा दंडक होता. पूजा आटोपली की पुढच्या दुकानाच्या फळ्या एकेक करून निघायच्या, आणि गूळ, मिरची, खोबरं आणि रॉकेल यांचा मिळून जो एकच वास होतो तो घरभर पसरायचा. मागं आईच्या भाकरीची थापथाप सुरू व्हायची. आठवड्यातून दोनदा तरी येसराची आमटी असे. धने, जिरे, खोबरं भाजून, धान्यासोबत दळून ठेवलेलं ते येसर आई अशा कंजूसपणे काढायची की जणू केशरच. पुढं पुण्यात तीस वर्षं काढली, पण डब्यातलं येसर संपत आलं की आजही माझा जीव खालीवर होतो.

मी त्या घरातली थोरली मुलगी, मंगल. विज्ञान घेऊन पदवी झाली होती, स्थळं येत होती, आणि त्यातच परळीला एक कॉम्प्युटर क्लास निघाला. मावशी, काकू, शेजारच्या गिरणीवाल्या काकी, सगळ्यांचं म्हणणं पडलं की आता कशाला. अप्पांनी कुणाशी वाद घातला नाही. एके दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर एसटीनं परळीला आले, क्लासच्या दाराशी चप्पल काढून आत गेले, थंडगार खोलीत झाकून ठेवलेल्या त्या चार यंत्रांकडे हात मागं बांधून बघितलं आणि म्हणाले, "शिक. हे बंद पडत न्हाई तवर शिक." त्यांना वाटलं असावं की गिरणीसारखंच हेही लाईटवर आहे, म्हणजे फार काळ चालायचं नाही. त्यात फारसं चुकीचं नव्हतं. ज्या परळीत वीज तयार होते त्याच परळीत दिवसातून दोनदा आमचे पडदे काळे व्हायचे, आणि सेव्ह न केलेलं सगळं जायचं.

क्लास शेख सरांचा होता. उंच, बारीक, खादीचा शर्ट घालणारे, सगळ्या मुलींना बेटा म्हणणारे. ते कधी फळ्यावर उत्तर लिहून देत नसत. आमचा प्रोग्रॅम चुकला की खुर्ची ओढून शेजारी बसत आणि म्हणत, "वाच. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं." आपलंच लिहिलेलं आपण मोठ्यानं वाचू लागलो की चूक बहुधा सहाव्या-सातव्या ओळीला जिभेला अडकायची. सी भाषा मला त्यांच्यामुळं आवडली. ती कमी बोलणारी भाषा आहे. सांगितलं तेवढं करते, न सांगितलेलं विचारत नाही. मला तेव्हा तो तिचा चांगुलपणा वाटायचा.

त्या वर्षी पावसाळा सरताना आमच्या भागातल्या एका संस्थेनं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. टोळ्या ट्रकमध्ये बसून कारखान्यांकडं निघतात, बरोबर भांडी, कोंबड्या, शेरडं आणि लेकरं. लेकरं गेली की शाळा गेली. मुलगी असेल तर उसाच्या फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत बसून धाकट्यांना सांभाळणार, आणि परत येईपर्यंत वर्गातलं तिचं नाव निघालेलं. वसतिगृहात जागा मिळाली तर सहा महिने ती गावाकडंच राहून शिकणार होती. अर्ज इतके आले की जागा कुणाला द्यायची यावरून कुरबूर सुरू झाली. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब, मोठे बागायतदार, चार गावांत शब्द चालणारे माणूस. त्यांना रोज कुणी ना कुणी चिठ्ठी घेऊन भेटत होतं. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. यादी कॉम्प्युटरनं करायची, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. ते काम शेख सरांकडे आलं आणि सरांनी ते माझ्यावर सोपवलं.

नियमांचा कागद एका पानाचा होता. मागच्या वर्षीचे गुण, शाळेतली हजेरी, घरापासून शाळेचं अंतर, यांचे मिळून काही गुण. त्याशिवाय जादा गुण. आई आणि वडील दोघंही तोडीला जात असतील तर वीस, एकच जात असेल तर दहा. अर्जावर दोन प्रश्न होते, वडील जातात काय, आई जाते काय. मी प्रोग्रॅम लिहिला, दहा खोटी नावं घालून तपासला, बेरजा हातानं पडताळल्या, सगळं जुळलं. मग पंधरा दिवस रोज परळीला जाऊन सगळे अर्ज टाइप केले. प्रिंटरनं करकरत यादी काढली. संस्थेला फक्त नावं हवी होती, गुण नकोत. म्हणून निवडलेल्यांची नावं तेवढी क्रमानं छापली. यादी वसतिगृहाच्या फळ्यावर लागली. अप्पा मुद्दाम सायकलवरून बघून आले आणि आल्यावर आईला म्हणाले, "कुणी कायबी बोललं न्हाई. मशीनची यादी म्हनल्यावर कोण बोलणार."

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मी दुकानात बसले होते. अप्पा जेवायला आत गेलेले. कौसाबाई नावाची एक बाई प्रवासाचं सामान घ्यायला आली. मीठ, तिखट, काडेपेट्या, कंदिलाच्या वाती. तिची टोळी येत्या गुरुवारी निघणार होती. मी पुडे बांधत होते. सगळं पिशवीत भरून झाल्यावरही ती हलेना. मग तिनं विचारलं की वसतिगृहाची यादी मशीनवर करणारी पोरगी ती तूच का. मी जरा मानेनंच, जरा अभिमानानं, हो म्हटलं. तिच्या पुतणीचं, मुक्ताचं, नाव यादीत नव्हतं. सहावीत होती, वर्गात दुसरी. मी तिला समजावलं की गुण सगळ्यांना सारख्याच नियमानं दिलेत, मशीन कुणाचं तोंड बघत नाही, बेरीज चुकत नाही. त्या वयात मी हे वाक्य किती लोकांना किती सहज म्हटलं असेल, आठवलं की अजून लाज वाटते.

कौसाबाईनं ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही. "तसं आसंल ताई," ती म्हणाली. "पर त्या लेकराला आई न्हाई न् बापबी न्हाई. आमीच संभाळतो. हे मशीनला म्हाईत हाय का?"

मी म्हटलं, अर्जात असेल. ती पिशवी उचलून गेली. अप्पा हात पुसत बाहेर आले, त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. अर्जात काय होतं ते मला एकाएकी डोळ्यासमोर दिसत होतं. वडील जातात काय, नाही. आई जाते काय, नाही. आणि तोडीला न जाणाऱ्यांनी अर्जच करायचा नव्हता, म्हणून दोन्ही 'नाही' असतील असा अर्ज येणारच नाही, असं मी धरून चालले होते. दोघं असतील तर वीस. एक असेल तर दहा. आणि कुणीच नसेल तर? त्याबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परळी गाठली. सरांना सगळं सांगितलं तर ते रागावले नाहीत, चहा मागवला. मग यादीत नावापुढं गुणही छापायला लावले, निवडलेल्यांचेच नाही तर सगळ्यांचे. मुक्ता सगळ्यात शेवटी होती. तिचे गुण उणे अठ्ठावीस हजार आणि वर काहीतरी. उणे! ज्या परीक्षेत उणे गुण नव्हतेच, तिथं. मला वाटलं टाइप करताना चूक झाली. म्हणून तिचा एकटीचा अर्ज घालून चालवलं, तर गुण चांगले सरळ आले, फक्त जादा गुणांच्या जागी शून्य. पुन्हा सगळे अर्ज घातले, तर पुन्हा ती तळाला. सरांनी मध्येच दुसरा एक प्रोग्रॅम चालवला आणि माझा परत लावला. या वेळी मुक्ताचे गुण चारशेच्या वर गेले आणि ती यादीत पहिली आली. अर्ज तेच, प्रोग्रॅम तोच, मुलगी तीच. मी भूत बघितल्यासारखी पडद्याकडे बघत राहिले. चुकीचं उत्तर मला माहीत होतं. दर वेळी वेगळं उत्तर मी पहिल्यांदाच बघत होते.

"वाच," सर म्हणाले.

मी मोठ्यानं वाचू लागले. 'जादा' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची जागा, मी दर अर्जाच्या सुरुवातीला मागून घेतलं होतं. दोघं असतील तर जादा म्हणजे वीस, एक असेल तर जादा म्हणजे दहा. मग एकूणात जादा मिळवायचं. तिथं माझी जीभ अडकली. दोन्ही नसेल तर जादा म्हणजे काय? सरांनी सांगितलं की जागा मागितली की सी भाषा जागा देते, पण ती झाडून देत नाही. त्या जागेत आधी कुणीतरी काहीतरी ठेवलेलं असतं, दुसऱ्याच कुठल्या कामाचा आकडा, आणि आपण आपलं काही ठेवलं नाही तर तोच आपला म्हणून मोजला जातो. कधी तो शून्य निघतो आणि आपण खूश होतो. कधी उणे अठ्ठावीस हजार. मग त्यांनी प्रोग्रॅम नव्यानं कम्पाइल करायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला, लावला आणि पडद्याच्या तळाशी आलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. किंमत देण्याआधी 'जादा' वापरलं जात असावं, अशी सूचना तिथं इंग्रजीत लिहून आली होती. ती पहिल्या दिवसापासून येत होती. प्रोग्रॅम चालतोय म्हटल्यावर मी ती कधी वाचलीच नव्हती.

सूचना वाचायची सवय मला त्या दिवशी लागली. पुढं नोकरीत माझ्या हाताखाली आलेल्या कित्येक हुशार पोरांना मी हेच सांगत आले, आणि त्यातल्या निम्म्यांना ते स्वतःची मुक्ता भेटल्याशिवाय पटलं नाही.

चूक सापडल्याच्या आनंदात मी लगेच 'जादा' म्हणजे शून्य अशी ओळ लिहिली. एका ओळीत दुरुस्ती. सर माझ्याकडे बघत होते. "बेटा, आता उत्तर बदलणार नाही, हे खरं," ते म्हणाले. "पण आई-बाप असलेल्या मुलीला वीस आणि नसलेल्या मुलीला शून्य, हे बरोबर आहे का?"

याचं उत्तर मशीनकडं नव्हतं, नियमांच्या कागदातही नव्हतं. सगळे अर्ज पुन्हा चाळले तेव्हा मुक्तासारख्या आणखी दोघी निघाल्या, एक आजोळी वाढणारी, एक थोरल्या बहिणीकडं. त्यातली एक यादीत पहिल्या नंबरावर होती. तिला कसले तरी हजारो गुण मिळाले होते. तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार आली नव्हती. आपल्याला वर नेणाऱ्या चुकीची तक्रार कोण करतं? दुसरी यादीच्या रेषेच्या अगदी खाली राहिली होती.

घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. सांगताना रडले, हेही लिहायला हवं. आई परातीत पीठ तसंच ठेवून दाराशी येऊन उभी राहिली. अप्पांना व्हेरिएबल वगैरे कळलं नाही, पण माझ्या हातून तीन लेकरांचं चुकलं आणि दोघी वगळल्या गेल्या, एवढं कळलं. त्यांनी टोपी घातली, दुकान आईवर सोपवलं आणि म्हणाले, "चल. तात्यासायबाकडं आजच जायचं. उद्या गेलं की उद्याचं कारण सुचतंय."

तात्यासाहेब ओसरीवर पेपर वाचत होते. माझं ऐकता ऐकता त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्यांची अडचण खरी होती. कॉम्प्युटरची यादी म्हणून लोकांनी निमूट मानली होती. आता तीच चुकली म्हटलं तर ज्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी परत पाठवल्या होत्या ते सगळे उद्या दारात उभे राहतील. ते म्हणाले, हंगाम सहा महिन्यांचा, पुढच्या वर्षी नीट करू, त्या दोघींना पहिल्यांदा घेऊ. हेतू त्यांचा वाईट नव्हता. अप्पा गप्प होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि त्यामुळंच मला बोलावं लागलं. मी म्हटलं की पुढच्या वर्षीपर्यंत मुक्ताची शाळा सुटलेली असेल.

"चूक कुणाची हाय?" तात्यासाहेबांनी विचारलं. "मशीनची का तुजी?"

"माझी," मी म्हटलं. "मशीनला मी अर्धंच सांगितलं होतं."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तसं लिहून दे. नव्या यादीशेजारी लाव. माज्या तोंडानं सांगितलं तर राजकारण हुतंय, तुज्या हातानं लिहिलं तर नुसती चूक ऱ्हातीय." त्यांनी लगेच पुढचाही निर्णय दिला. ज्यांना आई-वडील दोन्ही नाहीत त्यांना पूर्ण वीस गुण. आणि एकदा लागलेलं नाव काढायचं नाही, दोघी वाढल्या तर वाढल्या.

मी घरी बसून मराठीत, शाईच्या पेननं, मोठ्या अक्षरात लिहिलं की ही यादी करताना माझ्याकडून चूक झाली, ती काय झाली, आणि कुणाकुणावर अन्याय झाला. खाली पूर्ण नाव घातलं. फळ्यावर तो कागद लावताना माझ्या पाठीशी दहाबारा माणसं उभी होती आणि मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या मुकादमानं शेजारच्याकडून तो दोनदा वाचून घेतला आणि मला म्हणाला, "लई झालं बाई. आमची नावं कावून कटत्यात, हे आजवर कुणी लिहून दिलं न्हवतं." दुसऱ्या दिवशी तीन माणसं आपापले अर्ज तपासून द्या म्हणून आली. त्यातल्या दोघांचे बरोबर निघाले, एकाच्या मुलीची हजेरी मीच चुकीची टाइप केली होती. तीही सुधारली, पण त्यानं निवड बदलली नाही.

राहिला प्रश्न खाटेचा. एक जास्तीची मुलगी कशीबशी मावत होती. दुसरीसाठी, म्हणजे मुक्तासाठी, नवी खोली होती, पण तिचा गिलावा ओला, दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळेल असं ठरलं. टोळी मात्र गुरुवारीच निघणार होती. बुधवारी हे मी घरात बोलले तेव्हा आई चुलीपुढं होती. आमचं घर सोवळ्याचं, माजघराच्या आत सहसा कुणी परकं यायचं नाही. आईनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपलीत टाकली आणि म्हणाली, "मंग तवर आपल्याकडं ऱ्हाईल की." अप्पांनी मान डोलावली.

मुक्ता आमच्याकडं सव्वा महिना राहिली. पहिले दोन दिवस उंबऱ्याशीच बसायची, बोलावलं की यायची. तिसऱ्या दिवशी अप्पांच्या पूजेच्या वेळी सगळं घर चिडीचूप असताना ही मागच्या अंगणात मोठ्यानं पाढे म्हणू लागली. आई धावली, पण अप्पांनी डोळे न उघडता हातानंच थांबवलं. त्या दिवसापासून आमच्या घरातली पूजा एकोणिसाच्या पाढ्यावर होऊ लागली. ती तिखट फार खायची. आईच्या शेंगदाण्याच्या चटणीला ती गोड म्हणाली, तेव्हा आईनं तिला स्वतःपुरता ठेचा करायला खलबत्ता दिला. हा आमच्या स्वयंपाकघरात मोठाच मान होता. एकदा तिनं मला विचारलं की मशीनमध्ये तिच्या गुणांच्या जागी नेमकं काय होतं. मी सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं काहीतरी पडून राहिलेलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मंग आदी पुसून घ्यायचं की."

पुढं ती दहावीला गणितात एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा निघाली, नर्सिंग केलं, आणि आता आमच्याच जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. फोनवर मला अजून औषधांवरून रागावते.

पुढच्या वर्षी श्रावणात तात्यासाहेबांनी पुन्हा बोलावणं पाठवलं. या वेळी अर्जाचा नमुनाही तूच कर, म्हणाले. मी घरी बसून तो केला नाही. शेख सरांनी सांगितलं होतं, आधी विचारून ये, मग लिही. अप्पांची सायकल घेतली आणि वस्त्यांवर फिरू लागले. पहिल्याच वस्तीवर एक बाई दारात शेंगा फोडत बसली होती. मी वही काढून विचारलं की मुलीचे आई-वडील तोडीला जातात का. ती म्हणाली, बाप जातो पण दुसऱ्या टोळीत, मी एक साल जाते एक साल राहते, थोरली माझ्या भावाकडं असती, धाकटी कधी हिथं कधी तिथं. मी पेन उचलून थांबले. माझ्या वहीत आखलेल्या कोणत्याच चौकटीत हे बसत नव्हतं.

"कसं लिव्हायचं आता?" ती हसून म्हणाली.

मी पान उलटलं, कोऱ्या बाजूवर तिच्या मुलीचं नाव घातलं, आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसत म्हटलं, "तुमी सांगा. मी लिहिते."